रकाना अकरा

अर्जात अकरावा रकाना होता :
अर्जदार सध्या कुठे नोकरी करते का?
मी ‘नाही’ लिहिलं
आणि विश्रांतवाडीहून साडेतीनची बस धरली,
कारण पाचला लाँड्रीचं शटर मी उघडते.

कर्वेनगर, कॅनॉलच्या कडेला शिंत्रे काकूंचं दुकान.
माझं काम चिठ्ठ्यांचं.
लाल दोऱ्यात नंबर ओवायचा, कॉलरच्या काजात गाठ मारायची.
सदरा चारशे नऊ.
साडी चारशे दहा, काठाजवळ पिवळा डाग, आधीचाच,
हे गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं म्हणून घ्यायचं,
नाहीतर डाग आपल्या नावावर येतो.

पाच ते साडेनऊ. महिन्याला चार हजार,
पाकिटावर माझं नाव, आम्रपाली,
काकू पेन्सिलीनं लिहितात.

भत्ता येतो तेव्हा येतो.
दिवाळीचा हप्ता होळीपर्यंत ‘प्रलंबित’ होता.
वारज्यातल्या खोलीचं भाडं मात्र
एक तारखेला दारात उभं राहतं, चप्पल न काढता.
आई उदगीरहून विचारते, मिळाले का गं पैसे?
मी म्हणते, मिळाले.
कुठले, ते ती विचारत नाही.

संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं :
परस्पर अपवर्जी घटना.
एक घडली की दुसरी घडू शकत नाही.
उदाहरण द्या, म्हणाले.
मी वहीत लिहिलं, पगार आणि भत्ता.
मग पानच फाडलं.

गुरुवारी संध्याकाळी भालेराव आले.
खिडकी नंबर तीनचे भालेराव,
ज्यांनी माझी फाइल दोनदा परत केली होती,
एकदा उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून,
एकदा भाडेकरारावर सही अर्धी म्हणून.
कागद नाही तर काम नाही, बाळा,
हे ते रागानं म्हणत नाहीत. थकून म्हणतात.

राखाडी सूट टाकलाय, म्हणाले. पावती सापडत नाही.
माझ्या डोक्यावर काकूंची पाटी :
पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत. कारणे सांगू नयेत.
त्यांनी पाटी वाचली, मग मला.
उद्या मुलीचा साखरपुडा आहे, असं
पाटीलाच सांगितल्यासारखं म्हणाले.

मग, तू उदगीरची ना?

नाही लिहायला एक क्षण लागतो.
म्हणायला तोंड लागतं.
हो सर, म्हटलं.
मागे इस्त्रीनं वाफ सोडली.

किती वाजेपर्यंत असतेस?
साडेनऊ.
आणि अभ्यास?
त्यानंतर.
त्यांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही.
मीही वसतिगृहातच होतो, म्हणाले,
रात्री हॉटेलात ताटं विसळायचो,
आणि पुढं काहीतरी म्हणता म्हणता
खिशातून सत्तर रुपये काढून मोजायला लागले, सुट्टे.

सूट सापडला. चारशे सतरा.
बाहीवरची चिठ्ठी मी दातांनी तोडली.
वहीत आमचाही एक रकाना असतो :
पावती, आहे की नाही.
त्यांच्या देखत मी ‘आहे’ लिहिलं.

ते वाकून बघत राहिले त्या शब्दाकडे.
जरा जास्तच वेळ.
मग प्लास्टिकच्या पिशवीतला सूट
झोपलेल्या मुलासारखा हातावर आडवा घेऊन
कॅनॉलच्या रस्त्यानं गेले.

सोमवारी मला खिडकी तीनवर जायचंय,
नवा भाडेकरार घेऊन.
काय होईल, याची संभाव्यता काढता येत नाही,
नमुना फारच लहान आहे.

साडेनऊला काकूंनी पावत्या जुळवल्या.
अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा मोजल्या.
एक कमी आहे गं, चारशे सतरा.
सापडेल, मी म्हटलं,
आणि शटर खाली ओढलं,
अर्ध्यावर अडकतं ते नेहमीसारखं अडकलं,
मग दोघींनी मिळून लोंबकळून खाली आणलं.